मिठानं बर्फ वितळतो, मग तो जास्त गार कसा?

मे महिन्याची सुट्टी, संध्याकाळची गच्ची आणि भाड्यानं आणलेला आइस्क्रीमचा पॉट. लाकडी बादली, तिच्यात उभा डबा, वर फिरवायचं हँडल. आमच्या लहानपणी मामा बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्यानं ठेचायचा आणि आजी खडे मिठाची पिशवी घेऊन शेजारी बसायची. बर्फाचा थर, मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. यंदा बऱ्याच वर्षांनी तोच घाट घातला. हँडल फिरवता फिरवता आठवीतली भाची थांबली आणि म्हणाली, "मावशी, मीठ टाकल्यावर बर्फ भराभर वितळतोय. मग गारवा कमी व्हायला हवा ना? आपण बर्फ फुकट घालवतोय."

मी ऐटीत सांगितलं, "मिठानं गोठणबिंदू खाली जातो."

"ते पुस्तकात आहे गं. पण का जातो?"

पंचाईत झाली. परीक्षेत ते वाक्य लिहून मी मार्क मिळवले होते, पण ते वाक्य म्हणजे नुसती घटना आहे, तिचं कारण नाही. आइस्क्रीम होईपर्यंत आम्ही दोघींनी जे उलगडलं, त्यात नंतरची थोडी भर घालून हे लिहिते आहे.

शून्य अंशावर काय चालतं?

बर्फ आणि पाणी एकाच भांड्यात शून्य अंश सेल्सिअसला ठेवलं, तर वरून सगळं शांत दिसतं. आत मात्र संध्याकाळचं दादर स्टेशन असतं. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू सुटून पाण्यात येतात, पाण्यातले रेणू जाऊन बर्फाला चिकटतात. गाडीतून जितके उतरले तितकेच चढले, तर डब्यातली गर्दी तेवढीच राहते. ही बरोबरी ज्या तापमानाला होते, तो गोठणबिंदू. त्याहून गार केलं की चढणारे वाढतात आणि पाणी गोठू लागतं. गरम केलं की उतरणारे वाढतात.

आता फलाटावर अशी माणसं आणून सोडा ज्यांना गाडीत चढायचंच नाही. चहावाले, हमाल, कुणाला तरी सोडायला आलेले नातेवाईक. दारापुढची थोडी जागा त्यांनी अडवली, म्हणून चढणारे कमी झाले. उतरणारे मात्र आधीइतकेच. (खऱ्या दादरला उतरणाऱ्यांचेही हाल होतात, पण उपमेला तेवढी सूट द्या.) थोड्याच वेळात गाडी रिकामी होऊ लागणार.

पाण्यात विरघळलेलं मीठ म्हणजे ही न चढणारी माणसं. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत एकमेकांचे हात धरून बसलेले असतात, आणि त्या जाळीत मिठाच्या कणांना जागा नसते. ते पाण्यातच राहतात आणि बर्फाकडे जाणाऱ्या रेणूंची संख्या घटवतात. म्हणून खारट पाण्यातला बर्फ शून्य अंशावर टिकत नाही. पुन्हा बरोबरी व्हायची तर उतरणाऱ्यांचाही वेग मंदावला पाहिजे, आणि त्यासाठी तापमान खाली यायला हवं. ते जितकं खाली यावं लागतं, तितका गोठणबिंदू उतरला.

वितळला, मग गार कसा झाला?

भाचीची खरी शंका इथं होती. बर्फ वितळायला उष्णता लागते, आणि ती भरपूर लागते. एक किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच किलोभर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. हिला सुप्त उष्णता म्हणतात. सुप्त, कारण ती आत शिरते पण थर्मामीटर हलत नाही.

बादलीत चूल नाही. मग ही उष्णता येते कुठून? मिठानं बर्फाला वितळायला भाग पाडलं की तो ती जवळपासच्यांकडून ओढतो. उरलेल्या बर्फाकडून, खारट पाण्याकडून, आणि पातळ पत्र्यापलीकडच्या दुधाकडून. आजूबाजूचं सगळं शून्याच्या खाली उतरत जातं. माठातलं पाणी पाझरून उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं, तोच हा व्यवहार, फक्त इथं बर्फाचं पाणी होतंय.

म्हणजे बर्फ वितळत असूनही नव्हे, तर वितळतो म्हणूनच गार होतं. भाचीचं अर्धं बरोबर होतं. बर्फ खर्च होतोच. पण त्या खर्चातच गारवा विकत घेतलेला असतो.

मीठ विरघळतानाही थोडी उष्णता घेतं, पण खायच्या मिठाच्या बाबतीत तो चिल्लर हिशोब आहे. सोऱ्याचं, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट या क्षाराचं, तसं नाही. तो विरघळताना चांगलीच उष्णता ओढतो. अकबराच्या दरबारात सोऱ्यानं पाणी गार करत, त्याचं वर्णन 'आईन-इ-अकबरी'त आहे. तिथं बर्फाची गरजच नव्हती. दोन्ही युक्त्या सारख्या दिसतात, पण वेगळ्या आहेत.

नुसत्या बर्फानं आइस्क्रीम का होत नाही?

कारण डब्यातल्या दुधातही न चढणारी माणसं आहेत. लिटरभर दुधात दीडशे ग्रॅम साखर घातली, तर ते गोठायला सुरुवातच उणे दीड अंशाच्या आसपास होते. बाहेर शून्य अंशाचा नुसता बर्फ कितीही रचा, दूध फार तर शून्यापर्यंत येईल आणि तिथंच बसेल. शिवाय दुधातलं थोडं पाणी गोठलं की उरलेल्या पाण्यात साखर दाट होते आणि ते गोठवायला आणखी थंडी लागते. आइस्क्रीम फ्रीझरमधून काढल्यावरही चमच्यानं खरवडता येतं ते यामुळेच. आत न गोठलेला साखरेचा पाक शिल्लक असतो.

थोडक्यात, आत साखर गोठणबिंदू खाली ओढते आणि बाहेर मीठ त्याहून जोरात ओढतं. ही रस्सीखेच मिठानं जिंकली की हँडल जड लागायला लागतं.

इथं एक व्यवहारातली गोष्ट. बादलीत साचणारं खारट पाणी लगेच सगळं काढून टाकू नये. बर्फाचे तुकडे डब्याला ठिकठिकाणी टेकतात, मधल्या फटीत हवा असते. पाणी मात्र डब्याला सगळीकडून लगटून बसतं, त्यामुळे दुधातली उष्णता तेच भराभर ओढतं. बादलीच्या कडेचं भोक असतं ते पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढू नये म्हणून. आमच्याकडे एका वर्षी ते भोक गोणपाटाच्या चिंधीनं बुजलं. शिवाय झाकण न पुसता कुणीतरी 'झालंय का' बघितलं. त्या वर्षीचं खारट आंबा आइस्क्रीम अजून प्रत्येक लग्नात निघतं. मटका कुल्फीवाले साच्यांची झाकणं कणकेनं लिंपतात, ते उगीच नाही.

जास्त मीठ म्हणजे जास्त गार?

एका मर्यादेपर्यंत. पाण्यात जितकं जास्त विरघळवाल, तितका गोठणबिंदू त्या प्रमाणात उतरतो, हे चार्ल्स ब्लॅग्डन या इंग्रज शास्त्रज्ञानं १७८८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातलं, तर गोठणबिंदू साधारण ०.६ अंशानं उतरतो. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते उणे १.९ अंशाला गोठतं. मीठ आणि पाण्याच्या मिश्रणात मिठाचं वजन २३ टक्क्यांच्या आसपास गेलं की उणे २१ अंश गाठता येतो. तो तळ. त्यापुढचं मीठ विरघळत नाही, नुसतं तळाला बसतं.

गच्चीवर इतकं खाली कुणी जात नाही, उणे दहा-बारा झालं तरी काम होतं. बर्फाच्या पाव हिस्सा मीठ हे आजीचं माप होतं आणि ते चांगलं माप आहे.

फॅरनहाइट मापकाचा शून्य असा विचित्र जागी का, हे कोडं बऱ्याच जणांना पडतं. त्याचं उत्तर याच बादलीत आहे. गाब्रिएल फॅरनहाइटनं १७२४ मध्ये सांगितलं की त्याचा शून्य म्हणजे बर्फ, पाणी आणि नवसागर किंवा समुद्री मीठ यांच्या मिश्रणाचं तापमान. सेल्सिअसमध्ये ते उणे १७.८ होतं.

मिठातच असं काय आहे?

काहीच नाही, आणि हीच यातली सगळ्यात गमतीची गोष्ट. फलाट अडवणारा चहावाला आहे की हमाल, यानं गाडीला फरक पडत नाही. डोकी किती, एवढंच मोजलं जातं. साखर, युरिया, अल्कोहोल, काहीही चालेल. पण साखरेचा रेणू जडशीळ असतो, म्हणून किलोभर साखरेत डोकी कमी भरतात. शिवाय मिठाचा प्रत्येक घटक पाण्यात पडला की फुटून त्याचे दोन कण होतात, एक सोडियमचा, एक क्लोरीनचा. साखरेचा रेणू अख्खाच राहतो. त्यामुळे वजनाला वजन घेतलं तर मीठ साखरेच्या जवळपास बारापट काम करतं, आणि स्वस्तही पडतं.

मीठ फुटून दोन होतं हे कळलं कसं? बऱ्याच अंशी गोठणबिंदूवरूनच. फ्रान्सच्या फ्रान्स्वा-मारी राऊल्टनं १८८० च्या दशकात अनेक द्रावणांचे गोठणबिंदू बारकाईनं मोजले, तर मिठासारखे पदार्थ हिशोबाच्या दुपटीनं परिणाम करताना दिसले. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसचं म्हणणं होतं की ते पाण्यात विद्युतभार असलेल्या कणांमध्ये फुटतात. १८८४ मध्ये त्याच्या प्रबंधाला विद्यापीठानं कशीबशी खालची श्रेणी दिली. पुढे राऊल्टच्या आकड्यांनी त्याची बाजू भक्कम केली आणि १९०३ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही डोकी मोजण्याची युक्ती दुधातलं पाणी पकडायलाही वापरतात. गाईचं दूध उणे ०.५४ अंशाच्या आसपास गोठतं, ते मुख्यतः त्यातली दुग्धशर्करा आणि क्षारांमुळे. लोणी किती, याचा इथं जवळजवळ संबंध नाही, कारण चरबीचे गोळे पाण्यात विरघळत नाहीत आणि मोजायला गेलं तर संख्येनं नगण्य. दहा टक्के पाणी मिसळलं की डोकी विरळ होतात आणि गोठणबिंदू उणे ०.४९ पर्यंत वर सरकतो. प्रयोगशाळेतलं यंत्र हा फरक आरामात टिपतं. भेसळ करणारेही काही कच्चे नसतात. ते मीठ किंवा साखर टाकून हिशोब जुळवू बघतात, म्हणून त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

मग डाळीत मीठ आधी की नंतर?

आता वरच्या टोकाला जाऊ. उकळणं म्हणजे पाण्याचे रेणू पृष्ठभागावरून वाफेत निसटणं आणि त्यांचा जोर हवेच्या दाबाइतका होणं. मिठाचे कण वाफेत जात नाहीत, पण पाण्यात गर्दी करून बसतात. निसटणारे कमी झाले, म्हणून उकळायला थोडं जास्त तापवावं लागतं. बर्फाकडे जाणारी वाट अडवली तशी वाफेकडे जाणारीही अडवली. मीठ पाण्याला दोन्हीकडून पाणीच राहायला लावतं.

'मीठ घातलं की पाणी लवकर उकळतं' आणि 'मीठ घातलं की डाळ शिजत नाही' अशी दोन्ही मतं आमच्याच घरात आहेत, दोन वेगळ्या ओट्यांवर. उत्कलनबिंदूच्या हिशोबानं दोन्ही निकाली निघतात. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे मीठ घातलं, तर उत्कलनबिंदू वाढतो ०.१७ अंशानं. अंशाचा सहावा भाग! डाळीला त्याचा पत्ताही लागत नाही.

तुलना करायची तर उंचीशी करा. समुद्रसपाटीपासून दर तीनेकशे मीटर वर गेलं की हवेचा दाब घटतो आणि उत्कलनबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो. मुंबईत १०० अंशाला उकळणारं पाणी पुण्यात ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या. महाबळेश्वरची ही तूट मिठानं भरून काढायची म्हटलं, तर लिटरमागे पाव किलो मीठ लागेल. त्यापेक्षा कुकर बरा. तो दाब वाढवून पाण्याला १२० अंशांपर्यंत नेतो, आणि डाळ खाण्याजोगी राहते.

"पण उकळत्या पाण्यात मीठ टाकलं की ते फसफसून वर येतं, ते?" ते मी स्वतः पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल. ती तापमानाची करामत नाही. बुडबुडा तयार व्हायला खरबरीत जागा लागते, आणि मिठाचे कण पडताना अशा हजारो जागा पुरवतात. रवा टाकला तरी तसंच होईल. क्षणभरात सगळं शांत होतं.

डाळ खरंच शिजत नसेल तर बोअरच्या जड पाण्याकडे बघा. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ घट्ट करतं. चिमूटभर खायच्या सोड्यानं फरक पडतो तो तिथं.

गोठण्याकडे इतका परिणाम, उकळण्याकडे इतका कमी. का?

तेच मीठ, तेच पाणी, पण एका बाजूला ०.६ आणि दुसऱ्या बाजूला ०.१७. कारण पुन्हा सुप्त उष्णतेत आहे. पाण्याची वाफ करायला, बर्फ वितळवायच्या जवळपास सातपट उष्णता लागते. वाफ होणं इतकं महाग असल्यामुळे ते तापमानाच्या बाबतीत फार हळवं असतं. जरासं तापवलं तरी निसटणारे रेणू झपाट्यानं वाढतात आणि मिठानं केलेली तूट भरून निघते. बर्फाकडचा सौदा त्या मानानं स्वस्त, म्हणून तिथली बरोबरी तापमानाला सुस्तपणे दाद देते. तेवढीच तूट भरायला ते बरंच खाली न्यावं लागतं. एकीकडे सोनाराचा काटा, दुसरीकडे वखारीतला.

उकळण्याची वाढ जिथं खरंच कामाला येते

म्हणून उत्कलनबिंदूची वाढ अगदीच निरुपयोगी, असं समजू नका. विरघळलेला पदार्थ चिमटीनं नव्हे, पोत्यानं असेल तर ती दिसते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस सुरुवातीला शंभराच्या आगेमागे उकळतो. पाणी उडत जातं, साखर दाट होत जाते, आणि उकळण्याचं तापमान चढत जातं. १०५ च्या पुढे काकवी, ११५ ते १२० च्या दरम्यान गूळ. गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो पळीनं थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. चार क्षण इकडेतिकडे झाले तर माल बिघडतो.

घरात रव्याच्या लाडवांसाठी एकतारी पाक करताना आपण दोन बोटांत पाक धरून तार बघतो, तीही हीच मोजणी. तार म्हणजे साखर किती दाट झाली याचा अंदाज, आणि जितकी दाट तितकं उकळण्याचं तापमान वर. आजीचं बोट आणि थर्मामीटर एकच गोष्ट सांगत असतात. बोट फक्त भाजतं.

मीठ बर्फाला गार करतं, तर परदेशात रस्त्यावर ते का टाकतात?

हा आक्षेप न्यू जर्सीतल्या चुलतभावाचा. हिवाळ्यात घरापुढे मीठ पसरण्याचं काम त्याच्याकडे असतं. उत्तर असं, की बादली बंदिस्त असते, रस्ता नसतो. रस्त्यावर वितळणाऱ्या बर्फाला जमीन, हवा, ऊन आणि गाड्यांची चाकं सतत उष्णता पुरवतात, म्हणून तिथलं तापमान फारसं उतरत नाही. फायदा एवढाच की उणे पाच अंशालाही खारट पाणी पाणीच राहतं आणि चाक घसरत नाही. उणे दहाच्या खाली मात्र साध्या मिठाचं काम फार मंदावतं. मग कॅल्शियम क्लोराइड आणतात, ज्याच्या एका घटकाचे पाण्यात दोन नव्हे, तीन कण होतात. गाड्यांच्या पत्र्याला चढणारा गंज हा त्याचा वेगळा हिशोब. अंटार्क्टिकातलं डॉन हुआन नावाचं डबकं याच कॅल्शियम क्लोराइडनं इतकं दाट आहे की तिथल्या हिवाळ्यातही सहसा गोठत नाही.

घरी करून बघायचं असेल तर

स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि दोन-तीन मोठे चमचे मीठ घालून ढवळा, आणि पेला टेबलावरच्या ओल्या कागदावर ठेवा. आधी बाहेरून दव जमतं, मग ते पांढरं होतं. नखानं खरवडलं तर हिमाचा भुगा निघतो. थोड्या वेळानं पेला उचलाल तर कागदही सोबत येतो. भाची दहा मिनिटं हेच करत बसली होती. एक सावधगिरी बाळगा. हे मिश्रण हातावर धरून ठेवायची पैज लावू नका, कातडीला हिमदंश होतो आणि भाजल्यासारखे फोड येतात.

त्या दिवशी पॉट रिकामा झाल्यावर बादलीभर खारट पाणी उरलं. भाची ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायला निघाली होती, तेवढ्यात आईनं खालून हाक मारली, "मोरीत ओत गं, झाड मरेल." मुळांबाहेर मिठाची गर्दी झाली की पाणी मुळातून उलट बाहेर येतं. म्हणजे पुन्हा डोकीच मोजायची. पण तोवर आइस्क्रीम संपलं होतं आणि भाचीचा प्रश्नांचा मूडही.